खाशाबा कराडचे की कोल्हापूरचे? दहा खेळाडू निवडण्याआधी सोडवायचा गुंता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंडळाच्या नव्या हॉलमध्ये कोल्हापूरच्या दहा सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या तसबिरी लावायच्या आहेत. अकरा जणांची समिती आहे, तीन बैठका झाल्या आणि गाडी पहिल्याच नावावर अडली आहे. एक गट म्हणतो, खाशाबा जाधव कराडचे, त्यांना इथे लावायचा आपल्याला हक्क काय? दुसरा म्हणतो, खाशाबा नसतील तर हॉलच नको. त्यात तरुण पोरांना नेमबाज स्वप्नील कुसाळे पहिला हवाय, आणि जुन्या लोकांना सगळे हिंद केसरी, म्हणजे कुस्तीचा देशपातळीवरचा किताब मिळवलेले मल्ल.

तुम्ही विचारलंय, 'दहा नावं सांगा.' शेवटी सांगतो. पण तुमचं भांडण नावांवरून नाहीच. अजून दोन गोष्टी ठरलेल्या नाहीत, आणि त्या न ठरवता नावं घेतली की प्रत्येक जण आपापल्या मनातल्या नियमाने बोलतो. पहिली गोष्ट, 'कोल्हापूरचा' म्हणजे कोण. दुसरी, 'सर्वश्रेष्ठ' कशावरून. यातली पहिली जास्त अवघड आहे. दुसरीवर निदान वाद तरी घालता येतो.

आधी पहिली. जन्मगाव हा एकच निकष लावला तर काय होतं बघा. खाशाबा गोळेश्वरचे, म्हणजे कराडजवळचे, जिल्हा सातारा. गेले. गणपतराव आंदळकर पुनवतचे, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. गेले. पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे थेट कर्नाटक, बेळगाव जिल्हा. तेही गेले. दिनानाथसिंह तर मूळचे उत्तर प्रदेशातले. कुस्तीच्या पंढरीची भिंत आणि तिच्यावर कुस्तीतली निम्मी दिग्गज मंडळीच नाहीत, असं चित्र तयार होईल. हा निकष इथे चालत नाही याचं कारण कोल्हापूरच्या कुस्तीच्या घडणीतच आहे. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, खासबागेचं मैदान बांधलं. तेव्हापासून पंचक्रोशीतली, पुढे दुसऱ्या राज्यांतलीही पोरं इथे मुक्कामाला येऊन घडली. पैलवानाचं गाव वेगळं आणि घर वेगळं. घर म्हणजे तालीम. तिथेच झोपायचं, तिथेच खुराक, तिथलाच वस्ताद. आंदळकरांना मोतीबाग तालमीपासून वेगळं करून पुनवतचे म्हणणं कागदावर बरोबर आहे, पण मोतीबागेत उभं राहून तसं म्हणून दाखवा.

मग 'जिथे घडला तिथला' असा निकष लावावा का? तुमच्यातला एक गट तेच म्हणत असणार. पण हाच नियम दुसऱ्या टोकाने कापतो. स्वप्नीलचा जन्म राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाज म्हणून तो घडला नाशिकला क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे पुण्यात. नोकरी मध्य रेल्वेत. वीरधवल खाडे कोल्हापूरचा, पण त्याच्या पोहण्याला धार आली बंगळुरूत. घडणीचा नियम प्रामाणिकपणे लावला तर आंदळकर आत येतात आणि स्वप्नील बाहेर जातो. जन्माचा लावला तर उलटं. दोघांनाही आत घ्यायचं म्हणून एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावलात, तर ती निवड राहत नाही, सोय होते. उद्या सांगलीचा कोणी हॉलमध्ये येऊन विचारेल तेव्हा उत्तर देता येणार नाही.

मी अशा याद्यांसाठी तीनपैकी दोन हा नियम वापरतो. तीन प्रश्न. एक, जन्म किंवा शाळेपर्यंतचं बालपण इथलं का? दोन, खेळाडू म्हणून मुख्य घडण इथली का, म्हणजे ज्या वयात खेळ पक्का होतो त्या वयातली किमान तीन-चार वर्षं? तीन, तो इथल्या नावाने खेळला का, इथल्या लोकांनी त्याला पाठवलं का, किंवा खेळ संपल्यावर तो इथेच राहून खेळासाठी काही करत राहिला का? तीनपैकी दोनांना 'हो' असेल तर तो तुमचा. आणि 'इथलं' म्हणजे शहर की जिल्हा, हे पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून टाका. माझं मत जिल्हा. कारण कोल्हापूर म्हटल्यावर आपल्याला कागल, राधानगरी, करवीर वेगळे वाटत नाहीत. शिवाय तालमीत येणारी पोरं तिथलीच.

आता हा नियम लावून बघू. खाशाबांना पहिल्या प्रश्नाला 'नाही'. दुसऱ्याला 'हो': राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, कुस्ती इथल्या वस्तादांच्या हाताखाली पक्की झालेली. तिसऱ्यालाही 'हो': १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला, आणि १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वरकरांनीही वर्गणी काढली, हेही तितकंच खरं. म्हणून कराडकर त्यांना आपला म्हणतात तेव्हा ते चुकीचं नाही आणि तुम्ही म्हणता तेही नाही. एक माणूस दोन गावांच्या भिंतींवर असू शकतो. तुमच्या पहिल्या गटाला हे नीट सांगा. खाशाबांना इथे लावल्याने कराडचं काही कमी होत नाही.

आंदळकर दुसऱ्या-तिसऱ्याला 'हो', मोतीबागेचे मल्ल आणि नंतर तिथलेच वस्ताद. खंचनाळे तसेच. शाहूपुरी तालमीत घडले, इथेच राहिले, इथेच गेले. नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत जन्माने आणि सुरुवातीच्या घडणीने इथल्या. दोघी एकाच शाळेच्या, त्यामुळे त्यांच्याबाबत वादच नको. भाऊसाहेब निंबाळकर जन्मले कोल्हापुरात, गेले कोल्हापुरात. रणजी मात्र महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा कितीतरी संघांकडून खेळले, कारण त्या काळात संस्थानं आणि नोकऱ्या खेळाडूला फिरवायच्या. पहिला आणि तिसरा प्रश्न त्यांना पुरतो.

अडतो तो स्वप्नील. पहिल्याला 'हो', दुसऱ्याला 'नाही'. तिसऱ्याला कोल्हापुरात झालेली मिरवणूक दाखवून 'हो' म्हणायचा मोह होतो, पण मिरवणूक म्हणजे निकष नव्हे. जिंकल्यावर आपण कुणाचीही काढतो. यावर मार्ग एकच: नियमात आधीच एक खास जागा ठेवा. दहापैकी एकच नाव, तीनपैकी दोनांत न बसणारं, समितीच्या तीन चतुर्थांश मतांनी, म्हणजे अकरापैकी नऊ हात वर गेले तर घेता येईल. अपवाद करायला हरकत नाही. तो आधी लिहिलेला, एकच, आणि उघड हवा. नाहीतर एकासाठी उघडलेल्या दारातून पुढे सात जण येतात.

आता 'सर्वश्रेष्ठ' कशावरून. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती पदकं मोजण्याची. पदकं मोजणं सोपं असतं म्हणून सगळे तेच करतात. पण कुठल्या स्पर्धा किती वेळा भरत होत्या, त्या खेळात किती प्रकार असतात आणि तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये होता का, हे बघितल्याशिवाय पदकांची संख्या काहीच सांगत नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत २०१०पर्यंत नेमबाजीत वैयक्तिक आणि जोडी असे दोन्ही प्रकार असायचे, त्यामुळे एका चांगल्या नेमबाजाला एकाच दौऱ्यात दोन-तीन पदकं मिळायची. खाशाबांच्या काळात मल्लाला वर्षाकाठी परदेशी स्पर्धाच नव्हत्या. चार वर्षांनी एक संधी, तीही बोटीच्या भाड्याचे पैसे जमले तर. दोघांची पदकं एका तराजूत घालणं म्हणजे वर्षाला दोन पिकं घेणाऱ्या आणि पावसावर एक घेणाऱ्या शेतकऱ्याची पोती मोजण्यासारखं आहे.

याचंच दुसरं टोक म्हणजे 'ऑलिम्पिक पदक नाही ना, मग कसलं श्रेष्ठ' हा आक्षेप. तेजस्विनीबद्दल तुमच्या बैठकीत हे नक्की निघेल, म्हणून नीट सांगतो. २०१०मध्ये म्युनिकला ती ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. प्रोन म्हणजे पोटावर झोपून, ६० गोळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १० गुण. तिचे ६००पैकी ५९७. म्हणजे साठ गोळ्यांत जेमतेम तीन गुण निसटले. ती जागतिक विक्रमाची बरोबरी होती. नेमबाजीत विश्वविजेती होणारी ती पहिली भारतीय महिला. आता मुद्दा असा की महिलांचा हा प्रोन प्रकार ऑलिम्पिकमध्ये कधी नव्हताच. ज्या प्रकारात ती जगात पहिली होती त्यात ऑलिम्पिक पदक मिळणं शक्यच नव्हतं. जे दार नव्हतंच ते तिला उघडता आलं नाही, असं म्हणायचं का?

वीरधवलचंही तसंच. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य घेतलं. भारताला पोहण्यात आशियाई पदक त्याआधी १९८६मध्ये खजानसिंगने मिळवून दिलं होतं, म्हणजे मध्ये २४ वर्षांचा दुष्काळ. पण ५० मीटर बटरफ्लाय हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये येतोय तो थेट २०२८च्या लॉस एंजेलिसपासून. आणि एक आकडा समितीला जरूर वाचून दाखवा. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये वीरधवल चौथा आला. त्याची वेळ २२.४७ सेकंद, कांस्यवाल्याची २२.४६. शंभरावा भाग. तेवढ्यात बोटाचं नखही भिंतीला पूर्ण टेकत नाही. पदकांच्या मोजणीत तो शून्य धरला जातो. म्हणून मोजणी एकट्याने पुरत नाही.

मी गुण देतो ते १००पैकी, तीन भागांत. ५० गुण उंचीसाठी: कारकिर्दीतल्या सर्वोत्तम कामगिरीच्या वेळी तो जगात, आशियात की देशात पहिल्या रांगेत होता, आणि समोर कोण होतं. २० गुण टिकण्यासाठी: वरच्या पातळीवर किती वर्षं राहिला. आणि ३० गुण मागे काय ठेवलं यासाठी: त्याच्यामुळे त्या खेळात इथे पुढची पोरं आली का, एखादा समज मोडला का. टिकण्याला मी मुद्दाम कमी गुण देतो, कारण जुन्या काळातल्या खेळाडूंना टिकायला कोणी देतच नव्हतं. नोकरी, पोट, दुखापत, सगळं अंगावर. तुम्हाला हे प्रमाण पटलं नाही तर बदला, पण नावं फळ्यावर लिहिण्याआधी बदला. नंतर बदललेलं प्रमाण कुणाला तरी आत ढकलण्यासाठीच बदललेलं असतं.

दोन उदाहरणं घेतो. खाशाबा: १९४८ला लंडनमध्ये फ्लायवेटमध्ये सहावे, तेही आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर जवळजवळ थेट ऑलिम्पिक खेळताना. १९५२ला हेलसिंकीत फ्रीस्टाइल बॅन्टमवेट, ५७ किलो, कांस्य. उंचीला मी ४६ देईन. टिकण्याला १०. मागे काय ठेवलं याला ३०पैकी ३०, कारण त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, अटलांटाला लिअँडर पेस. चव्वेचाळीस वर्षं त्या एका पदकाकडे बोट दाखवून लोक पोरांना आखाड्यात पाठवत होते. एकूण ८६. तेजस्विनी: उंचीला ४६, विश्वविजेती आणि विक्रमाशी बरोबरी. टिकण्याला १८, कारण २००६च्या मेलबर्न राष्ट्रकुलची दोन सुवर्णं आणि २०१८च्या गोल्ड कोस्टचं सुवर्ण यांत बारा वर्षांचं अंतर आहे, आणि त्यानंतर टोकियो ऑलिम्पिकही आहे. मागे ठेवलं २३. एकूण ८७. म्हणजे माझ्याच तराजूत तेजस्विनी खाशाबांच्या एक गुण पुढे जाते. पटणार नाही अनेकांना. पण तराजू आपणच ठरवायचा आणि काटा आवडला नाही की वजनं बदलायची, हे बरं नव्हे. तुमच्या हॉलमध्ये तसबिरींना क्रमांक देऊच नका असं मी सुचवेन. दहा जण एका ओळीत, सारख्या मापाच्या चौकटीत. क्रमांक दिला की लोक फोटो बघत नाहीत, क्रमांकावर भांडतात.

कुस्तीसाठी वेगळं सांगावं लागेल, कारण इथे नावं जास्त आणि किताब त्याहून जास्त. महाराष्ट्र केसरी १९६१पासून, हिंद केसरी १९५९पासून, शिवाय रुस्तुम-ए-हिंद, भारत केसरी, महान भारत केसरी आणि गावोगावची मैदानं. सगळ्या गदा सारख्या वजनाच्या नसतात. अलीकडे तर संघटनांच्या वादातून एकाच हंगामात दोन दोन महाराष्ट्र केसरी झाले. म्हणून किताबाच्या नावाला गुण देऊ नका. त्या वर्षी ती स्पर्धा कोणी घेतली, अंतिम कुस्तीत समोर कोण होता आणि कुस्ती निकाली झाली की गुणांवर, हे बघा. १९५९मध्ये दिल्लीत खंचनाळेंनी बंता सिंगला हरवून पहिला हिंद केसरी किताब आणला. समोर पंजाबचा मल्ल, मैदान दिल्लीचं. हे वजन वेगळं.

आणि मातीवरचं आणि मॅटवरचं यश वेगळं धरा. दोन्ही मोठी, पण जात वेगळी. आंदळकरांचं मोठेपण मला इथेच दिसतं. १९६०चे हिंद केसरी तर ते होतेच. पण १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य आणलं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरता येत नाही, पायाचा उपयोग करता येत नाही. लहानपणापासून पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायला शिकलेल्या, लाल मातीत वाढलेल्या मल्लाला हे म्हणजे अर्धे डाव काढून घेतल्यासारखं. त्याच प्रकारात त्याने आशियात पहिलं यावं, आणि पुढे १९६४ला टोकियो ऑलिम्पिक खेळावं. शिवाय निवृत्तीनंतरची दशकं मोतीबागेत पठ्ठे घडवण्यात. मागे काय ठेवलं या रकान्यात त्यांना पूर्ण गुण नाही दिले तर रकानाच काढून टाका. त्याच जकार्तात फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेणारे मारुती माने मात्र कवठेपिरानचे. सांगलीच्या भिंतीचा तो मानाचा फोटो आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्या.

दादू चौगुले यांचं नाव बैठकीत भावनेने येईल, ते कागदपत्राने आणा: १९७० आणि १९७१ सलग दोन वर्षं महाराष्ट्र केसरी, आणि १९७४च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. म्हणजे माती आणि मॅट दोन्ही. २०१८ला ध्यानचंद पुरस्कार.

क्रिकेटमध्ये निंबाळकरांवर एक ठरलेला आक्षेप येईल, 'कसोटी एकही नाही.' खरंय. आणि दुसरा, 'एकाच डावाचा माणूस.' हे खरं नाही. तो डाव आधी बघू. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा कमी. मध्यंतरात काठियावाडच्या कप्तानाने पुढे खेळायला नकार दिला, सामना सोडला, आणि विक्रम तिथेच राहिला. प्रथम श्रेणीत चारशेच्या वर गेलेला भारतीय आजही तो एकच. पण कारकीर्द बघा: ८० प्रथम श्रेणी सामने, ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३. एका डावावर एवढी सरासरी उभी राहत नाही. कसोटी न मिळणं हा निवड समितीचा हिशोब झाला, त्यांचा नव्हे.

फुटबॉलबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण पेठेतल्या मंडळात हा विषय निघणारच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कोल्हापूरच्या फुटबॉलचं मोठेपण तालीम मंडळांचं आहे, एकेका खेळाडूचं कमी. शिवाय जुन्या सामन्यांच्या नोंदी विस्कळीत आहेत, गोल कुणी मारला यावर दोन पेठांत दोन उत्तरं मिळतात. दहात एखादा फुटबॉलपटू बळेच घुसवण्यापेक्षा वेगळा एकच मोठा फलक करा, संघांचा. वस्तादांचाही वेगळा. खेळाडू म्हणून आणि गुरू म्हणून दोन्हीकडे बसणारा माणूस, जसे आंदळकर, एकाच ठिकाणी लावा. महिला क्रिकेटमध्ये भारताकडून खेळलेल्या अनुजा पाटीलचं नाव लांब यादीत हवंच. दहात येतं की नाही ते गुण ठरवतील.

मतदानाची पद्धत. प्रत्येकाने पंधरा नावं लेखी द्यायची, प्रत्येक नावापुढे एक ओळ: काय केलं, कधी, कुठे. ही ओळ लिहिता आली नाही तर नाव बाद. या एका अटीने यादी निम्म्यावर येते. उरलेल्यांना तीनपैकी दोनच्या चाळणीतून काढा. मग सगळ्यांनी १००पैकी गुण द्यायचे, एकमेकांचे न बघता, बंद पाकिटात. बेरीज करताना प्रत्येक खेळाडूला मिळालेला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा काढून टाका. अकरा जणांत हे फार उपयोगी पडतं, कारण आपल्या तालमीच्या पैलवानाला १०० आणि समोरच्या तालमीच्याला ५ देणारा एक तरी असतोच. त्याचे दोन्ही आकडे आपोआप गळतात. असे तीन-चार जण एकत्र ठरवून आले तर मात्र हीही युक्ती पुरत नाही. अशा वेळी गुण देताना प्रत्येकाने तोंडी कारण सांगायची अट घाला. पाचाचं कारण सगळ्यांसमोर सांगणं जड जातं.

वयाचा तोल हा एक धोका उरतो. गुण देणाऱ्यांत तिशीतली मंडळी जास्त असतील तर जे टीव्हीवर बघितलं ते मोठं वाटतं, म्हाताऱ्यांत उलटं. एकच अट ठेवा, दहात १९७५च्या आधीचे किमान तीन. खेळनिहाय राखीव जागा ठेवू नका. त्याने दुय्यम नावं वर येतात.

सध्या खेळत असलेल्यांचं काय? चौकटी दहा करा, फोटो आज आठ-नऊच लावा. खेळणाऱ्याची कारकीर्द उघडी असते. उद्या वर जाईल, किंवा दुर्दैवाने बंदीसारखं काही होईल. मोकळी चौकट भिंतीवर वाईट दिसते असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं, हॉलमध्ये येणारं पोरगं आधी तीच चौकट बघतं.

फोटोखालच्या पट्टीवर सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या वीस वर्षं तशाच राहतात. खाशाबांखाली 'भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक विजेते' असं लिहू नका. हॉकीची सुवर्णपदकं १९२८पासून आहेत, आणि १९००मध्ये नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यं भारताच्या नावावर नोंदली जातात. बरोबर ओळ अशी: 'स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, फ्रीस्टाइल कुस्ती, ५७ किलो, कांस्य, हेलसिंकी १९५२.' राहीखाली 'आशियाई सुवर्ण' एवढंच पुरत नाही, '२५ मीटर पिस्तूल, जकार्ता २०१८, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज' लिहा. स्पर्धा, प्रकार, वजनगट किंवा अंतर, वर्ष, गाव. या पाच गोष्टी प्रत्येक पट्टीवर, विशेषणं शून्य. 'नाद खुळा' तोंडी म्हणा, पितळेवर नको.

खात्री कुठे करायची? ऑलिम्पिकचे आणि नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत, अर्जुन पुरस्कारांची यादी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे, रणजीचे धावफलक सहज मिळतात. जुन्या कुस्त्यांसाठी मात्र त्या त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढावं लागतं. करवीर नगर वाचन मंदिरात एक सकाळ घालवा. घरच्यांनी सांगितलेली तारीख प्रेमाने लिहून घ्या, पण छापण्याआधी कागदाशी ताडून बघा. फोटो घरच्यांकडूनच लेखी परवानगीने घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोत एका पैलवानाच्या नावाखाली दुसराच असण्याचे प्रकार फार.

आता नावं, माझ्या तराजूने: खाशाबा जाधव, तेजस्विनी सावंत, गणपतराव आंदळकर, भाऊसाहेब निंबाळकर, राही सरनोबत, श्रीपती खंचनाळे, दादू चौगुले, वीरधवल खाडे. आठ. यातल्या पहिल्या चारांवर मी हटणार नाही, पुढच्या चारांवर समजूत घातलीत तर ऐकेन. दिनानाथसिंहांना कोणी सातव्या-आठव्या जागी आणलं तर मी भांडणार नाही.

नवव्या चौकटीसाठी स्वप्नीलचा खास ठराव मांडा. पॅरिस २०२४, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, अंतिम फेरीत ४५१.४ गुण, कांस्य. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राचं दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मी समितीत असतो तर हात वर केला असता. फक्त पट्टीवर 'जन्म कांबळवाडी, घडण नाशिक व पुणे' असं स्वच्छ लिहा, आणि तसंच खाशाबांच्या पट्टीवर 'जन्म गोळेश्वर, घडण कोल्हापूर'. दोन्ही पट्ट्या एकाच मापाच्या, एकाच अक्षरात. म्हणजे पहिल्या गटालाही बोलायला जागा उरणार नाही.